भिंतीवरचे हरीण आणि पदरावरची मुनिया

वलवणच्या एका बंगल्यात दिवाणखान्याच्या भिंतीवर एक हरीण होते. मागे ओकची झाडे, डावीकडे दोन शिकारी कुत्रे, उजवीकडे ओढा आणि मधोमध मान वळवून पाहणारे ते हरीण. सगळे कापडात विणलेले. माझे वडील त्या बंगल्याची राखण करत. मालक मुंबईचे, मे महिन्यात आणि दिवाळीत यायचे. उरलेले नऊ-दहा महिने तो बंगला, त्याची बाग आणि ते हरीण आमच्याच हवाली असे.

लोणावळ्याचा पाऊस ज्याने चारही महिने अंगावर घेतला आहे त्याला सांगायला नको की इथे वस्तू जपणे म्हणजे काय असते. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. चपलांना, पुस्तकांना, देवघरातल्या लाकडालाही बुरशी येते. भाद्रपद सरता सरता पहिले खणखणीत ऊन पडले की वडील स्टुलावर चढून ते कापड उतरवत, ओसरीत सतरंजीवर पालथे घालत, मऊ ब्रशने झाडत आणि कडुनिंबाचा पाला घालून दोन दिवस सावलीत ठेवत. 'ती टेपिस्तरी हाय, बेल्जमची,' असे ते आम्हाला बजावत. हात लावायची परवानगी फक्त पालथ्या बाजूला होती. त्यामुळे त्या हरणाची मला नीट आठवते ती पाठच. तिच्यावर झाडे नव्हती, कुत्रे नव्हते. होते ते रंगीत दोऱ्यांचे या काठापासून त्या काठापर्यंत गेलेले लांबच लांब पट्टे.

त्या पट्ट्यांचा अर्थ कळायला मला चाळीस वर्षे लागली.

'टॅपेस्ट्री' या शब्दासाठी मराठी विश्वकोशाने 'चित्रजवनिका' हा शब्द योजला आहे. बोलण्यात तो कधी रुळला नाही, रुळेल असे वाटतही नाही. पण शब्द म्हणून तो विचार करायला लावतो. जवनिका म्हणजे पडदा, विशेषतः नाटकाचा. राजशेखराने आपल्या 'कर्पूरमंजरी' या प्राकृत नाटकात अंकांना 'जवनिकांतर' असेच म्हटले आहे. याच शब्दाचे दुसरे रूप 'यवनिका', आणि त्यावरून विद्वानांत पुष्कळ वाद झाला. काहींना त्यात यवन, म्हणजे ग्रीक, दिसले : यवनांच्या देशातून आलेल्या कापडाचा पडदा म्हणून यवनिका. इतरांनी ते खोडून काढले आणि शब्द 'जवन' म्हणजे वेगवान याच्याशी जोडला, कारण पडदा झरकन सरकतो. मला दुसरी बाजू जास्त पटते. पण वलवणहून पुण्याच्या दिशेने थोडे गेले की कार्ल्याचे लेणे लागते, आणि तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर 'धेनुकाकट'च्या यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आजही वाचता येतात. परदेशी माणूस आणि त्याची वस्तू आमच्या मावळात बंगलेवाल्यांनी पहिल्यांदा आणली नाही, एवढे तरी त्यावरून म्हणता येते. कार्ल्याच्या लेण्याचे जुने नाव वलूरक. नावाच्या साम्यावरून आणखी काही जोडायचा मोह मी आवरते.

चित्रजवनिका म्हणजे नेमके काय, हे सांगायचे तर सुरुवात हातमागापासून करावी लागते. साध्या कापडात ताणा उभा आणि बाणा आडवा. धोटा एका काठापासून निघतो तो थेट दुसऱ्या काठापर्यंत जातो. चित्रजवनिकेत धोटा असा पार जातच नाही. लाल रंगाचा दोरा जिथे लाल हवे तिथपर्यंतच जातो आणि मागे फिरतो. शेजारी हिरवे हवे, तर हिरव्याची स्वतंत्र कांडी तिथून सुरू होते आणि आपल्या हद्दीत येरझारा घालते. एका ओळीत दहा रंग असतील तर दहा कांड्या, शंभर असतील तर शंभर. फुलाची पाकळी, घोड्याचा डोळा, राजाच्या बोटातली अंगठी, सगळे अशा हद्दी आखत, फणीने बाणा ठोकत ठोकत वर चढवायचे. दोऱ्याने कापडावर चित्र काढलेले नसते. चित्र काढून घेतले तर खाली कापड उरणार नाही, कारण चित्र हेच कापड असते.

म्हणूनच जगातली सर्वांत प्रसिद्ध 'टॅपेस्ट्री' ही टॅपेस्ट्री नाही. इंग्लंडवरच्या नॉर्मन स्वारीची कथा सांगणारा अकराव्या शतकातला बायोचा तो सुमारे अडुसष्ट मीटर लांबीचा पट्टा तागाच्या कापडावर लोकरीने केलेला कशिदा आहे. नाव पडले ते पडले.

दोन रंगांच्या हद्दी भिडतात तिथे काय करायचे, हा या कलेतला कळीचा प्रश्न. युरोपातले विणकर पुष्कळदा तिथे फट राहू देत आणि नंतर सुईने शिवून घेत. दुसरी तऱ्हा अशी की दोन्ही रंगांचे दोरे हद्दीवर एकमेकांत अडकवायचे आणि आपापल्या दिशेला परतवायचे. ही दुसरी तऱ्हा वाचताना मी थबकले होते, कारण ती मी पाहिलेली होती. येवल्याला पैठणीच्या मागावर पदर विणला जाताना नेमके हेच चालते. जरीच्या जमिनीवर मोर, कमळ, असावलीची वेल उमटते ती रंगीत रेशमाच्या सुट्या तिल्ल्यांनी, हद्दीवर दोरा दोऱ्यात अडकवून. पैठणीच्या काठाचा एक रंग आणि अंगाचा दुसरा, ते एकमेकांना धरून राहतात तेही याच अडकवणीने. मागच्या बाजूला लोंबते दोरे नाहीत म्हणून खरी पैठणी उलटसुलट सारखी दिसते. काश्मीरच्या कानी शालीचेही तत्त्व हेच. विणीच्या शास्त्राप्रमाणे आमच्या आजीचा पदर ही अस्सल टॅपेस्ट्री होती आणि भिंतीवरचे बेल्जियन हरीण नव्हते.

हरणाच्या पाठीवरचे पट्टे काठापासून काठापर्यंत गेलेले होते, हे वर सांगितले. ते यंत्राचे लक्षण. लियाँच्या जोसेफ मारी जाकारने १८०४च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने ताण्याचे दोरे उचलणारी रचना सिद्ध केली. कोणता दोरा वर, कोणता खाली, हे पुठ्ठा सांगतो. धोटा मात्र पार जातो आणि जिथे त्याचा रंग नको तिथे तो पाठीवर दडून राहतो. असे भिंतीवर लावायचे 'टॅपेस्ट्री'चे तुकडे बेल्जियम-फ्रान्सच्या कारखान्यांतून विसाव्या शतकात हजारोंनी निघाले. शिकारीचे देखावे आणि हरणे त्यांत फार चालत. वलवणच्या बंगल्याची भिंत अशाच एका हरणाने सजली होती. यात मला एक योगायोग दिसतो. वलवणच्या धरणाची पायाभरणी १९११ची. तिथले पाणी घाट उतरून खोपोलीला जाते, आणि १९१५पासून त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालल्या. यंत्रमागाचे राज्य ज्या पाण्यावर आले त्याच तलावाकाठी आम्ही एक यंत्रमागाचे कापड हातचे समजून वर्षानुवर्षे कडुनिंबात जपत होतो.

युरोपात ही कला इतकी फोफावली त्याचे कारण आधी थंडी. दगडी वाडे, उंच छत, ओल धरणाऱ्या भिंती. लोकरीचे जाड कापड भिंतीवर सोडले की वारा अडतो. पण त्याहून मोठे कारण राजांच्या पायाला असलेली भिंगरी. मध्ययुगातला राजा एका जागी बसत नसे. आज या किल्ल्यात, पुढच्या महिन्यात त्या. भित्तिचित्र बरोबर नेता येत नाही, कापड गुंडाळून गाडीत टाकता येते. आपल्याकडे पेशव्यांच्या आणि मोगलांच्या छावणीत डेरे आणि भरजरी कनाती जे काम करत, ते काम तिकडे या चित्रजवनिका करत. उतरल्या जागी तासाभरात दरबार उभा.

चौदाव्या शतकात पॅरिस आणि आरास ही केंद्रे होती. आरासचा दबदबा असा की इटालियन भाषेत या वस्तूला आजही 'अराझो' म्हणतात आणि जुन्या इंग्रजीत 'आरास' म्हणजेच भिंतीवरचा पडदा. हॅम्लेटच्या तलवारीने पोलोनियस मरतो तो अशाच आरासमागे लपलेला असताना. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' लिहून हॅम्लेट मराठीत आणला तेव्हापासून तो प्रवेश आपल्या ओळखीचा आहे. पण पडद्यामागे एक आख्खा माणूस दिसेनासा होतो म्हणजे तो पडदा किती जाड आणि भिंतीपासून किती सुटा असेल, याचा विचार मी तरी कधी केला नव्हता.

या काळातले सर्वांत मोठे काम म्हणजे आंजेचा 'अपोकॅलिप्स'. आंजूचा ड्यूक पहिला लुई याने १३७०च्या दशकात चित्रकार जाँ बोंदोल याच्याकडून आराखडे करवून तो विणवला. मूळ लांबी सुमारे एकशे चाळीस मीटर, त्यातले शंभरएक मीटर उरले आहेत. उरलेल्याचे काय झाले? फ्रेंच राज्यक्रांतीनंतर त्याचे तुकडे करून लोकांनी घोड्यांच्या तबेल्यात लावले आणि थंडीत संत्र्याच्या झाडांवर पांघरले.

पुढे तूर्ने आणि मग ब्रसेल्स पुढे आले. १५२८पासून ब्रसेल्सच्या विणकरांना कापडाच्या काठात शहराची खूण विणावी लागे : एक ढाल आणि दोन्ही बाजूंना 'ब' हे अक्षर. नक्कल ओळखू यावी म्हणून. विणकरांचे संघ, त्यांचे नियम, त्यांना कर्ज पुरवणारे व्यापारी, असा तो पसारा होता. युरोपच्या या संघांचे आपल्याला कौतुक वाटते, पण नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा शिलालेख त्याहून चौदाशे वर्षांनी जुना आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. कार्ल्याच्या भिक्षूंना गाव दान देणाराही तोच. नाशिकच्या लेखात तो तीन हजार कार्षापण गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवतो : दोन हजार एकीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण टक्क्याने. व्याजातून भिक्षूंच्या वस्त्राचा खर्च भागायचा. राजाच्या जावयाने पैसे ठेवावेत अशी पत ज्या विणकरांची होती, त्यांनी काय विणले त्याची चिंधीसुद्धा आपल्याकडे उरलेली नाही. आपल्या हवेत कापड टिकत नाही, आणि माणसे जपत नाहीत. दुसऱ्या कारणाकडे मी परत येणार आहे.

ब्रसेल्सच्या विणकामाला कलाटणी दिली ती पोप दहाव्या लिओने. सिस्टाईन चॅपेलच्या खालच्या भिंतींसाठी त्याने १५१५ साली राफाएलकडून ख्रिस्ताच्या शिष्यांच्या चरित्रांतली चित्रे कागदावर मूळ आकारात रंगवून घेतली आणि ती ब्रसेल्सला पीटर व्हान आल्स्टच्या कारखान्यात धाडली. तिथे त्यांचे उभे पट्टे कापले. ब्रसेल्सचा माग आडवा. चित्राचा पट्टा ताण्याच्या खाली ठेवतात आणि विणकराकडे कापडाची पाठ असते. म्हणजे कापड उलटले की चित्र आरशातल्यासारखे फिरते, उजवा हात डावा होतो. राफाएलला हे आधीच हिशेबात धरून उलटी चित्रे काढावी लागली. १५१९च्या डिसेंबरात पहिले सात पट चॅपेलमध्ये लागले. सबंध संचाला आलेला खर्च मायकेलअँजेलोला वरच्या छतासाठी मिळालेल्या रकमेच्या सुमारे पाचपट होता, असा हिशेब इतिहासकार देतात. आज आपण छत पाहायला जातो. तेव्हाच्या माणसाला विचारले असते तर त्याने बोट खाली, भिंतीकडे दाखवले असते.

या खर्चाचे कारण वेळ. बारीक कामात एका विणकराच्या हातून महिन्याला चौरस मीटरच्या आसपास, पुष्कळदा त्याहून कमीच कापड उतरे. त्यात लोकर, इटालियन किंवा स्पॅनिश रेशीम आणि जर. जर म्हणजे चांदीची सोन्याचे पाणी दिलेली पातळ पट्टी, रेशमाच्या गाभ्यावर गुंडाळलेली. जुन्या पैठणीची जरही अशाच रचनेची, हे ध्यानात ठेवावे.

आता गोव्याकडे येते, कारण या सगळ्या इतिहासात आपला किनारा एकदा स्वतः विणला गेला आहे. १५४६ साली गुजरातच्या सुलतानाच्या फौजेने दीवच्या पोर्तुगीज किल्ल्याला वेढा घातला. गोव्याचा गव्हर्नर दों झुआंव द कास्त्रो याने नोव्हेंबरात तो उठवला. किल्ला पुन्हा बांधायला पैसा नव्हता, तेव्हा त्याने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले, ही कथा पोर्तुगालमध्ये शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पुढच्या एप्रिलमध्ये तो गोव्यात परतला तो जुन्या रोमन सेनापतीच्या थाटात : डोक्यावर पानांचा मुकुट, पुढे कैदी, जिंकलेली निशाणे आणि तोफा. पुढच्या वर्षी, जून १५४८मध्ये, तो गोव्यातच वारला.

त्यानंतर दहाएक वर्षांत ब्रसेल्सला या प्रसंगांचे दहा पट विणले गेले. ते कास्त्रोच्या कुटुंबाने करवून घेतले असे मानले जाते. आज ते व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयाच्या मालकीचे आहेत. कल्पना जुनी होती. १५३५च्या ट्युनिसच्या मोहिमेवर सम्राट पाचव्या चार्ल्सने चित्रकाराला बरोबर नेले होते आणि नंतर त्या युद्धाचे बारा पट विणवले. त्या मोहिमेत कास्त्रो स्वतः लढला होता. पण चार्ल्सचा चित्रकार ट्युनिसच्या वाळूत उभा राहून रेखाटत होता. ब्रसेल्सच्या मागावर बसलेल्यांनी ना दीव पाहिले होते ना मांडवी. कोणी लिहून धाडलेल्या हकिकती, कोणाच्या तोंडचे वर्णन, आणि बाकी सगळे रोमन विजयमिरवणुकीच्या ठरीव नमुन्यातून. त्या कापडातले गोवे मी छायाचित्रांत पुन्हा पुन्हा पाहिले आहे. ते शहर गोवे म्हणून ओळखता येत नाही. ओळखू येतो तो विजेता. हरलेल्यांच्या बाजूने कोणी माग लावला नाही. त्यांच्याकडे लावायला पैसा नव्हता असेही नाही. गुजरातचा सुलतान पोर्तुगालच्या राजापेक्षा गरीब नव्हता. पण लढाई भिंतीवर टांगायची ही रीत त्याची नव्हती.

भारत न पाहता विणण्याची युरोपला सवयच होती. वास्को द गामाच्या सफरीनंतर पोर्तुगालच्या मान्वेल राजासाठी तूर्नेला 'भारताच्या तऱ्हेचे' पट विणले गेले; त्यांतल्या जहाजावर चढणाऱ्या प्राण्यांत एकशिंगी घोडाही सापडतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोबेलँने विणलेल्या 'इंडीज' नावाच्या मालिकेतला देश तर ब्राझील आहे. तिथे गेलेल्या डच चित्रकारांची चित्रे चौदाव्या लुईला भेट मिळाली होती. आणि लंडनला जॉन व्हँडरबँकने 'भारतीय धाटणी'चे म्हणून जे पट विणले त्यांत मोगल लघुचित्रांतली माणसे आणि चिनी लाखकामातली झाडे एकाच काळ्या जमिनीवर बेटाबेटांनी तरंगतात. त्यांतला एक संच मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा माजी गव्हर्नर एलिहू येल याच्याकडे होता. त्याने तर भारत पाहिला होता, आयुष्याची ऐन वर्षे इथे काढली होती. तरी घरी भिंतीवर लावायला त्याला हेच पसंत पडले. आम्हाला लोणावळ्यात ओकच्या झाडाखालचे हरीण पसंत पडले, तेव्हा हसायचे कारण नाही.

गोबेलँ हे मुळात रंगाऱ्यांचे घराणे. पॅरिसला बिएव्र नदीच्या काठी त्यांची लाल रंगाची भट्टी होती. १६६२ साली कोल्बेरने राजासाठी तिथे कारखाने एकत्र आणले आणि चित्रकार शार्ल ल ब्रँला प्रमुख नेमले. पुढच्या शतकात चित्रकारांचा हट्ट वाढत गेला : विणलेले कापड हुबेहूब तैलचित्र दिसले पाहिजे. विणकर कुरकुरले, पण हरले. पूर्वी वीस-तीस रंगांत भागत असे, आता एका गालासाठी डझनभर छटा. माझे मत विचाराल तर या कलेची उतरण इथेच लागली. दोऱ्याने दोऱ्यासारखे दिसावे.

गोबेलँच्या रंगशाळेतलीच एक हकिकत मात्र मला फार आवडते. १८२४ साली रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल तिथे रंगांचा प्रमुख झाला. तक्रार अशी होती की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या घड्यांत वापरलेला काळा रंग फिका पडतो. शेव्रलने रंग तपासला. त्यात खोट नव्हती. मग त्याच्या लक्षात आले की खोट डोळ्यात आहे. एका रंगाशेजारी दुसरा ठेवला की दोन्ही बदललेले दिसतात. निळ्या-जांभळ्याशेजारी काळ्याची खोली मरते. १८३९ साली त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढच्या चित्रकारांच्या पिढ्यांनी तो पचवला. चंद्रकळेच्या काळ्या अंगाला काठ लालच का लागतो, हे आमच्या विणकरांना ग्रंथावाचून ठाऊक होते, असे म्हणायचा मोह इथे कोणालाही होईल.

आता ते दुसरे कारण. १७९३ साली क्रांतिकारकांनी राजचिन्हे असलेले काही पट गोबेलँच्या आवारात जाळले. तो राग होता, समजू शकतो. १७९७चे जाळणे रागाचे नव्हते. सरकारला पैसा हवा होता. राजवाड्यांच्या कोठारातले जरीचे जुने पट निवडून काढले आणि सोन्या-चांदीसाठी वितळवले. जेवढे काम अधिक भरजरी, तेवढे ते भट्टीत जायची शक्यता अधिक. लोकर आणि रेशमाचे साधे पट वाचले, कारण त्यांत काढून घेण्यासारखे काही नव्हते.

हे वाचले तेव्हा मला आमच्या ओसरीतला एक माणूस आठवला. १९७२चे साल, दुष्काळ. वडिलांचे भाऊ कुटुंबासकट आमच्याकडे आले होते आणि बंगल्याच्या राखणीच्या पगारात अकरा माणसे जेवत होती. जुनी जर घेणारा आला तेव्हा आजीने ट्रंकेतून तिची पैठणी काढली. आजीचे माहेर वैजापूरकडचे. ती पैठणी तिच्या आईची. अंग ठिकठिकाणी विरले होते, पदर मात्र धड होता. त्या माणसाने पदराची एक दशी ओढून काडीने पेटवली. केस जळल्यासारखा वास आला, तो रेशमाचा. मग त्याने उरलेला तार बोटावर घासून पाहिला, मान हलवली आणि तागडी काढली. मोर, कमळ, मुनिया, सगळ्यांचे वजन झाले. आजी म्हणाली, 'घेऊन जा, पण माझ्यादेखत जाळू नको.' त्या पैशातून दीडेक महिन्याची ज्वारी आली. त्या वर्षीही ऊन पडल्यावर वडिलांनी हरीण उतरवले, झाडले, कडुनिंब घातला. ते दुसऱ्याचे होते, म्हणून जपायचेच होते.

मी कोणाला दोष देत नाही. अकरा माणसे होती.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे गेले असताना पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयात 'एकशिंगी आणि सुंदरी'चे सहा पट पाहायला मिळाले. १५००च्या सुमाराचे. लाल जमीन, तिच्यावर शेकडो फुलझाडे, मधोमध एक स्त्री, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला शुभ्र एकशिंगी घोडा. पाच पट पाच ज्ञानेंद्रियांचे, सहाव्याचा अर्थ अजून कोणाला नक्की लागलेला नाही. ते बुसाकच्या किल्ल्यात ओलीत कुजत, उंदरांनी कुरतडत पडले होते. १८४१ साली प्रोस्पर मेरिमेने त्यांची दखल घेतली, आणि तरीही संग्रहालयात पोचायला १८८२ उजाडले. त्या दालनात फार उजेड नसतो. जुन्या रंगांना उजेड सोसत नाही. त्यातही पिवळा सर्वांत आधी उडतो. हिरवा रंग निळ्यावर पिवळा चढवून करत, म्हणून जुन्या पटांतली झाडे आज निळी दिसतात. दुसरे असे की पट बहुधा आडवे करून विणत. भिंतीवर लावले की ताणा आडवा होतो आणि सगळा भार बाण्यावर, म्हणजे चित्रावरच येतो. रेशीम आधी तुटते. लोखंडाच्या क्षाराने काळी-तपकिरी केलेली लोकर आपोआप झिजून जाते, आणि चित्रातल्या रेषाच पहिल्यांदा गळतात.

आणि मूळ रंग पाहायचा असेल तर पट उलटावा लागतो. पाठीला अस्तर असते, तिथे उजेड पोचलेला नसतो.

परत आल्यावर मी कपाटातली कुंची काढली. पैठणी विकण्याच्या बऱ्याच आधी, माझ्या जन्माच्या वेळी, आजीने पदराच्या फाटक्या कडेची वीतभर पट्टी कापून कुंचीला लावली होती. आतून तांबडे सुती अस्तर. वरची जर काळवंडली आहे. पट्टीवर एक मुनिया आहे, दुसरीची फक्त शेपूट. मुनियाचा हिरवा रंग पार उडून राखी निळा झालेला.

मी अस्तराचे टाके एका बाजूने उसवले. आत दोऱ्याचे एकही टोक सुटलेले नव्हते. तीच मुनिया, तीच चोच, फक्त तोंड दुसरीकडे. आणि पोपटाच्या पंखासारखी हिरवीगार. नंतर मी सैल टाके घालून अस्तर पुन्हा लावून टाकले.